सीबीएलवर बाँड खराब दिसतो तेव्हा: स्क्वीझ ठरवण्याआधी करायच्या तपासण्या

तेलविहिरीत केसिंग, म्हणजे पोलादी नळी, उतरते, त्याच्यामागे सिमेंट चढते, पंपाच्या दाबाचा आलेख ठरल्याप्रमाणे येतो, वर परतणारा मडही (विहिरीत भरलेला जड द्रव) पूर्ण मिळतो. आणि तरीही दोन दिवसांनी सिमेंट बाँड लॉग (सीबीएल), म्हणजे सिमेंटने केसिंगला किती धरले आहे याची नोंद, हाती येतो तेव्हा ॲम्प्लिट्यूडची (लहरीच्या उंचीची) रेघ डाव्या कडेला टेकण्याऐवजी मधोमध तरंगत असते. रिगचे भाडे तासागणिक वाढत असते, बैठकीत कोणीतरी ‘बाँड खराब आहे, स्क्वीझ करा’, म्हणजे केसिंगला भोके पाडून दाबाने मागे सिमेंट भरा, असे म्हणते आणि ती भोके पाडणाऱ्या परफोरेशनच्या गन मागवल्या जातात. खंबातच्या खोऱ्यातल्या जमिनीवरच्या विहिरींपासून मुंबईजवळच्या समुद्रातल्या प्लॅटफॉर्मपर्यंत मी बरीच वर्षे हे लॉग केले आणि वाचले आहेत. हा प्रसंग इतक्या वेळा समोर आला आहे की, तपासणीचा क्रम आता माझ्या वहीत पक्का लिहिलेला आहे. सीबीएल आणि त्याच्या शेजारी छापलेले पूर्ण लहरीचे चित्र, म्हणजे व्हीडीएल, वाचता येते, पण एकट्याने निर्णय द्यायची वेळ अजून आलेली नाही, अशा तरुण अभियंत्यांसाठी तो कारणांसह मांडतो.

लक्षणे

तक्रार एकच असली, तरी लॉगवर ती चार वेगवेगळ्या रूपांत दिसते आणि रूप ओळखले की निम्मे काम होते.

पहिले रूप: सिमेंट भरलेल्या जवळजवळ सगळ्या भागात ॲम्प्लिट्यूड मध्यम असतो, म्हणजे ७ इंची केसिंगमध्ये १५ ते ३० मिलिव्होल्ट, पण शेजारच्या व्हीडीएलवर खडकातून आलेल्या लहरीही स्पष्ट दिसतात.

दुसरे रूप: ॲम्प्लिट्यूड फक्त ठरावीक स्तरांसमोर उसळतो, वर-खाली लगेच चांगला होतो, आणि उसळीच्या जागी ट्रान्झिट टाइम (लहर पोचायला लागणारा वेळ) कमी झालेला असतो.

तिसरे रूप: मुख्य फेरी आणि पुनरावृत्तीची फेरी एकमेकींशी जुळत नाहीत, ट्रान्झिट टाइमची रेघ थरथरते.

चौथे रूप: ॲम्प्लिट्यूड सगळीकडे सुंदर, कमी असतो, सिमेंट जिथे पोचलेलेच नसावे तिथेही कमी असतो. हे रूप कोणी तक्रार म्हणून घेऊन येत नाही, कारण लॉग पाहून सगळ्यांना बरे वाटते. माझ्या मते चारही रूपांत सर्वांत घातक हेच आहे, म्हणून खाली त्यावर मी अधिक वेळ देणार आहे.

उपकरण नेमके काय मोजते

गवंडी नव्या फरशीवर थापीची मूठ आपटून खाली माल नीट भरला आहे की पोकळ राहिले आहे ते ऐकतो. सीबीएलचे काम तसेच चालते. ट्रान्समीटर सुमारे २० किलोहर्ट्झची लहर सोडतो, ती विहिरीतल्या द्रवातून केसिंगला भिडते, पोलादातून धावते आणि ३ फुटांवरच्या रिसीव्हरला पोचते. तिथे पोचलेल्या पहिल्या उंचवट्याची उंची म्हणजे ॲम्प्लिट्यूड, आणि तो पोचायला लागलेला वेळ म्हणजे ट्रान्झिट टाइम. केसिंग मोकळे असेल तर ते जोरात कंपते. बाहेरून कठीण सिमेंटने धरले असेल तर ऊर्जा सिमेंटात निघून जाते आणि ॲम्प्लिट्यूड पडतो. ५ फुटांवरचा दुसरा रिसीव्हर पूर्ण लहर नोंदवतो. तिचे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे चित्र म्हणजे व्हीडीएल.

इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. ॲम्प्लिट्यूड आणि बाँड यांचे नाते सरळ रेषेतले नाही, लॉगरिदमचे आहे. ७ इंची मोकळ्या केसिंगला ६२ मिलिव्होल्ट आणि पूर्ण बाँडला १ मिलिव्होल्ट धरले, तर १० मिलिव्होल्ट वाचणाऱ्या भागाचा बाँड इंडेक्स (पूर्ण बाँडला १ धरून मोजलेली पकड) सुमारे ०.४४ येतो आणि २ मिलिव्होल्टचा सुमारे ०.८३. सरळ प्रमाणाने हिशेब करणाऱ्याला १० मिलिव्होल्ट म्हणजे ८५ टक्के बाँड वाटतो. ही चूक मी अनुभवी माणसांच्या टिपणांतही पाहिली आहे.

पहिली तपासणी: कागद

याला खर्च काहीच नाही आणि वेळ अर्धा तास लागतो, तरी ती सर्वांत जास्त वेळा टाळली जाते. सिमेंटिंगचा अहवाल, केसिंगचा तक्ता आणि सिमेंट बसल्यापासून लॉग होईपर्यंतची रिगची रोजनिशी, हे तीन कागद शेजारी ठेवावेत आणि चार प्रश्नांची उत्तरे पेन्सिलने लॉगच्या समासात लिहावीत: सिमेंटची घनता किती होती, लॉगपर्यंत किती तास गेले, मधल्या काळात केसिंगची दाबचाचणी झाली का, आणि आतला द्रव बदलला का.

घनता का पाहायची? तेलविहिरींत नेहमी वापरल्या जाणाऱ्या क्लास जी सिमेंटची घनता पाण्याच्या १.९ पटीच्या आसपास असते आणि ते पूर्ण घट्ट झाले की त्याचा ध्वनिरोध (घनता गुणिले त्यातला ध्वनीचा वेग) ५ ते ६ मेगारेल असतो, पाण्याचा १.५ असतो. हलके सिमेंट किंवा नायट्रोजनचा फेस घातलेले सिमेंट वापरले असेल तर हा आकडा ३ च्या जवळ उतरतो, म्हणजे जड मडपासून फारसा दूर राहत नाही. अशा सिमेंटाला ‘१ मिलिव्होल्ट म्हणजे पूर्ण बाँड’ ही फूटपट्टी लावली तर उत्तम भरलेली विहीरही नापास होते. पूर्ण बाँडचा अपेक्षित आकडा त्या सिमेंटाच्या प्रयोगशाळेतल्या मजबुतीवरून नव्याने काढावा लागतो.

कागद पाहायचे म्हणजे कागदावर विसंबायचे असे मात्र नाही. मेक्सिकोच्या आखातातल्या मकाँडो विहिरीत सिमेंट चढवताना मड पूर्ण परतला, म्हणून सिमेंट जागेवर बसले असे मानले गेले आणि लॉग करण्यासाठी रिगवर आलेला चमू २० एप्रिल २०१० च्या सकाळी लॉग न करताच परत पाठवला गेला. त्याच रात्री स्फोट झाला आणि ११ माणसे गेली. पूर्ण परतावा एवढेच सांगतो की मोठी गळती झाली नाही. सिमेंट केसिंगभोवती सगळीकडून बसले की नाही, याचे उत्तर त्यात नाही.

दुसरी तपासणी: मोजपट्टी आणि फ्री पाइप

लॉगच्या माथ्यावरचे मापन आधी वाचावे. बहुतेक लॉगवर ॲम्प्लिट्यूड दोनदा छापलेला असतो, एकदा ० ते १०० मिलिव्होल्टच्या मापात आणि एकदा ० ते १० च्या मोठ्या केलेल्या मापात. मोठ्या केलेल्या रेघेलाच मुख्य रेघ समजून ५ मिलिव्होल्टचे ५० वाचलेले मी स्वतः पाहिले आहे, आणि त्यावरून झालेली धावपळही पाहिली आहे.

मग सिमेंटच्या माथ्याच्या वर, जिथे केसिंग निश्चित मोकळे आहे, तिथला आकडा पाहावा. द्रव पाणी असेल तर ५ १/२ इंची केसिंगमध्ये सुमारे ७२, ७ इंचीत ६२, ९ ५/८ इंचीत ५२ आणि १३ ३/८ इंचीत ४३ मिलिव्होल्ट यायला हवेत. ७ इंचीत तिथे ८० येत असतील, तर खालचा प्रत्येक आकडा त्याच प्रमाणात फुगलेला आहे आणि दोष सिमेंटात नसून कॅलिब्रेशनमध्ये आहे.

मोकळ्या केसिंगची आणखी एक खूण आहे आणि ती डोळ्यांना लगेच सापडते. व्हीडीएलवर सरळ उभ्या पट्ट्या असतात, आणि दर सुमारे १२ मीटरवर, जिथे केसिंगचे दोन तुकडे कॉलरने जोडलेले असतात, तिथे त्या पट्ट्यांत बाणाच्या टोकासारखी नक्षी उमटते. व्हीडीएलवर तिची उंची ५ फूट असते. ॲम्प्लिट्यूडच्या रेघेत त्याच जागी ३ फुटांची खाच दिसते. दोन रिसीव्हरांची अंतरेच कागदावर उतरलेली असतात. या खुणा ठसठशीत असतील तर उपकरण नीट ऐकत आहे. मोकळ्या भागातही त्या पुसट असतील, तर पुढे जाण्यात अर्थ नाही. गेट, म्हणजे उपकरण ज्या क्षणांपुरती उंची मोजते ती खिडकी, पहिल्या उंचवट्यावर बसले आहे का, हे लॉगिंग युनिटमध्ये बसून लहरीच्या पडद्यावर पाहून घ्यावे.

सिमेंट पृष्ठभागापर्यंत चढले असेल तर मोकळा भाग मिळत नाही. अशा वेळी उपकरण निघण्याआधीच्या कॅलिब्रेशनची नोंद मागून घ्यावी आणि तसे अहवालात लिहावे.

तिसरी तपासणी: ट्रान्झिट टाइम

एकच तपासणी करायला वेळ असेल तर ही करावी. ॲम्प्लिट्यूड वाचण्याआधी ट्रान्झिट टाइम वाचायचा, हा नियम मी माझ्या हाताखालच्या प्रत्येकाकडून पाळून घेतला आहे.

पोलादातून लहर फुटाला ५७ मायक्रोसेकंद घेते, म्हणजे ३ फुटांना १७१. त्यात उपकरणापासून केसिंगपर्यंत आणि परत यायला द्रवातला वेळ मिळवायचा. केसिंगचा आकार आणि द्रव तोच असेल तर हा आकडा जवळजवळ स्थिर राहिला पाहिजे. उपकरण मधोमध नसून एका बाजूला टेकले असेल, तर जवळच्या भिंतीकडची वाट आखूड होते आणि वेळ कमी येतो. मोकळ्या केसिंगच्या आकड्यापेक्षा ४ ते ५ मायक्रोसेकंदांहून जास्त घट दिसली की ॲम्प्लिट्यूडवर विश्वास ठेवायचा नाही.

कारण असे आहे. उपकरण मध्यावर असते तेव्हा केसिंगच्या सगळ्या परिघातून निघालेल्या लहरी एकाच क्षणी रिसीव्हरला पोचतात आणि त्यांची बेरीज होते. उपकरण सरकले की जवळच्या बाजूची लहर आधी पोचते, लांबच्या बाजूची नंतर. बेरीज विस्कटते आणि पहिला उंचवटा बुटका होतो. पाव इंच सरकणे पुरते, ॲम्प्लिट्यूड निम्म्यावर येऊ शकतो. म्हणजे उपकरण वाकडे असेल तर खराब सिमेंट चांगले दिसते. वर सांगितलेले चौथे रूप ते हेच.

समुद्रातल्या एका ९ ५/८ इंची केसिंगचा लॉग मला आठवतो. विहीर ५० अंशांहून जास्त कललेली होती. लॉगवर शेकडो मीटर ९ मिलिव्होल्टची शांत रेघ होती आणि सगळे समाधानी होते. ट्रान्झिट टाइम मात्र मोकळ्या भागापेक्षा १२ मायक्रोसेकंदांनी कमी होता. उपकरण वर काढून डेकवर आडवे ठेवले तेव्हा खालच्या सेंट्रलायझरच्या (उपकरणाला केसिंगच्या मध्यावर धरणाऱ्या जोडणीच्या) एका पात्याच्या बाहेरच्या बाजूला रुपयाएवढा चपटा, चकचकीत भाग दिसला. बाकीची पाती मळलेली, काळपट होती. सगळा भार त्या एका पात्यावर घासत आला होता आणि ते बसले होते. पाती बदलली, मध्ये आणखी एक सेंट्रलायझर चढवला, पुन्हा लॉग केला. त्याच भागात २६ मिलिव्होल्ट आले. सिमेंट खरोखरच कमी होते, आणि पहिल्या लॉगवर विसंबलो असतो तर ते कळलेच नसते.

म्हणून उपकरण खाली जाण्याआधी सेंट्रलायझरांचा बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजून केसिंगच्या आतल्या व्यासाशी ताडून पाहावा. कललेल्या विहिरीत दोनाऐवजी तीन किंवा चार सेंट्रलायझर लावावेत. यात पंधरा मिनिटे जातात.

उलट, ट्रान्झिट टाइम अचानक मोठ्या उडीने वाढला असेल तर घाबरू नये. बाँड फार चांगला असला की पहिला उंचवटा इतका लहान होतो की उपकरण त्याला चुकवून पुढच्या उंचवट्यावर वेळ नोंदवते. ॲम्प्लिट्यूड कमी आणि वेळ जास्त, ही जोडी चांगल्या सिमेंटची आहे.

चौथी तपासणी: खडक पोलादापेक्षा वेगवान आहे का

दुसऱ्या रूपाचे उत्तर बहुतेकदा इथे मिळते. शुद्ध चुनखडीत लहरीला फुटाला ४७.५ मायक्रोसेकंद लागतात आणि डोलोमाइटमध्ये ४३.५; दोन्ही पोलादाच्या ५७ पेक्षा कमी. अशा खडकासमोर सिमेंट उत्तम धरले असेल तर खडकातून आलेली लहर केसिंगच्या लहरीच्या आधी पोचते, उपकरण तिचीच उंची मोजते आणि लॉगवर ‘खराब बाँड’ छापला जातो. खरे तर लहर केसिंगमधून सिमेंटात, सिमेंटातून खडकात जाऊन परत आली, हाच सिमेंट दोन्ही बाजूंना धरल्याचा पुरावा असतो.

मुंबई हायचा मुख्य तेलसाठा मायोसीन काळातल्या चुनखडीत आहे, त्यामुळे आपल्याकडे काम करणाऱ्यांच्या वाट्याला हा प्रश्न येतोच. मात्र चुनखडी म्हटली की ती वेगवान, असे धरून चालू नये. सच्छिद्र चुनखडीत द्रवामुळे वेळ वाढतो. साध्या सरासरीच्या सूत्राने पाहिले तर सच्छिद्रता सुमारे ७ टक्क्यांच्या वर गेली की ती पोलादापेक्षा मंद ठरते. म्हणून केवळ घट्ट, कमी सच्छिद्र पट्ट्यांसमोरच हे कारण लागू होते. केसिंग उतरण्याआधी केलेला, खडकातून जायला लहरीला लागणारा वेळ दाखवणारा सॉनिक लॉग काढावा, सीबीएलशेजारी खोली जुळवून ठेवावा आणि ५७ च्या खाली जाणाऱ्या प्रत्येक पट्टीवर खूण करावी. उसळ्या त्या खुणांवरच येत असतील आणि तिथे कॉलरची नक्षी नसेल, तर स्क्वीझचा विषय तिथेच बंद करावा. उसळी सच्छिद्र पट्टीसमोर असेल तर पुढे जावे.

पाचवी तपासणी: पुन्हा एक फेरी, किंवा थोडे थांबणे

किमान ५० ते ६० मीटरची पुनरावृत्ती जुळली नाही, तर अर्थ लावत बसू नये. द्रवात वायूचे बुडबुडे असतील तर लहर वाटेतच मरते. विहिरीतला द्रव पंपाने थोडा फिरवून, मग शांत करून पुन्हा फेरी घ्यावी.

सिमेंट कोवळे असेल तर उपाय थांबण्याचा. बाटलीतला नमुना घट्ट झाला म्हणजे विहिरीतले सिमेंट घट्ट झाले, असे होत नाही, कारण विहिरीत वर आणि खाली तापमान सारखे नसते. खालच्या उष्णतेसाठी घातलेले रिटार्डर (सिमेंट घट्ट होणे लांबवणारे रसायन) वरच्या थंड भागात सिमेंटाला कितीतरी जास्त वेळ ओले ठेवते. खाली चांगला आणि वर जाता जाता हळूहळू बिघडत जाणारा बाँड दिसला की मी आधी हेच विचारतो: प्रयोगशाळेत वरच्या भागाच्या तापमानाला मजबुती किती तासांनी आली होती? त्याहून लवकर लॉग झाला असेल तर २४ तासांनी तेवढाच भाग पुन्हा लॉग करावा. रिगचा एक दिवस महाग असतो. केसिंगला उगाच पाडलेली भोके त्याहून महाग पडतात, कारण ती पुन्हा बुजवली तरी केसिंग पूर्वीसारखे होत नाही.

सहावी तपासणी: दाबाखालची फेरी

पहिल्या रूपाचे, म्हणजे मध्यम ॲम्प्लिट्यूड आणि तरीही स्पष्ट खडकलहरी यांचे, सर्वांत नेहमीचे कारण मायक्रोॲन्युलस आहे. सिमेंट घट्ट होताना केसिंग जितके फुगलेले होते त्यापेक्षा ते नंतर आकसले, की सिमेंट आणि पोलाद यांच्यात बारीक फट पडते.

समजा, सिमेंट १.४४ घनतेच्या मडखाली घट्ट झाले आणि नंतर विहिरीत १.०२ घनतेचे पाणी भरले. २००० मीटरवर केसिंगच्या आतला दाब सुमारे ८२ बारने, म्हणजे जवळजवळ १२०० पीएसआयने उतरतो. ७ इंची, फुटाला २९ पौंड वजनाच्या केसिंगची त्रिज्या त्यामुळे सुमारे ०.०३ मिलिमीटरने कमी होते. ही फट केसाच्या जाडीपेक्षाही बारीक आहे, पण सीबीएलच्या लहरीला तेवढे निमित्त पुरते. केसिंग सुटल्यासारखे कंपू लागते. घट्ट झालेल्या सिमेंटावर नंतर केलेली केसिंगची दाबचाचणीही हेच करते, कारण ती केसिंग फुगवून सोडून देते.

उपाय असा की विहीरमाथ्यावर दाब देऊन केसिंग पुन्हा मूळ मापाला आणायचे आणि त्या दाबाखाली लॉग करायचा. किती दाब द्यायचा तो वरच्या हिशेबातून काढावा. सवयीने १००० किंवा १५०० पीएसआय देऊ नये. दाबाखाली ॲम्प्लिट्यूड १५ मिलिव्होल्टने उतरला आणि व्हीडीएलवर केसिंगच्या पट्ट्या फिकट झाल्या, तर फट होती. द्रवाने भरलेली अशी फट सहसा द्रवाला वाट देत नाही, तेव्हा तिच्यासाठी स्क्वीझ करू नये. इतक्या बारीक फटीत सिमेंटचे कण शिरतही नाहीत. मागे वायूचा स्तर असेल तर मात्र हा दिलासा धरू नये, वायू तिथून वाट काढू शकतो. दाब देऊनही ॲम्प्लिट्यूड हलला नाही, तर ती मडची वाहिनी असण्याची शक्यता बळावते: कललेल्या विहिरीत केसिंग खालच्या अंगाला टेकलेले असते, तिथला मड सिमेंटाने ढकलला जात नाही आणि लांबच लांब पट्टा तसाच राहतो.

ही फेरी नवख्याने स्वतःच्या अधिकारात करायची नाही. केसिंग, विहीरमाथा, केबलभोवतीची दाबरोधक सामग्री यांतल्या सर्वांत कमकुवत घटकाची मर्यादा लेखी हातात नसेल, किंवा परफोरेशन आधीच झालेले असेल, तर दाब देऊ नये.

सातवी तपासणी: वेगळ्या जातीचे उपकरण

सीबीएल सगळ्या परिघाची सरासरी एका आकड्यात देतो. अर्धा परिघ उत्तम आणि अर्ध्यात मडची वाहिनी, तसेच सगळीकडे मध्यम सिमेंट, या दोन्हींचा ॲम्प्लिट्यूड सारखा येऊ शकतो. हा गुंता अल्ट्रासॉनिक उपकरणानेच सुटतो. त्याचे फिरते डोके २०० ते ७०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात केसिंगला जाडीतून कंपवते आणि परिघाच्या प्रत्येक बाजूच्या पदार्थाचा ध्वनिरोध वेगळा सांगते, त्यामुळे वाहिनी नकाशावर पट्ट्यासारखी उमटते. द्रवाने भरलेल्या मायक्रोॲन्युलसने ते सीबीएलइतके फसत नाही. वायूने भरलेल्या फटीने मात्र फसते. फार जड मडमध्ये त्याचा आवाज विरतो, आणि हलके सिमेंट व मड यांचे ध्वनिरोध जवळ असतील तर त्यालाही फरक करणे जड जाते. म्हणून दोन्ही लॉग एकाच फेरीत घेऊन शेजारी वाचावेत, एकाने दुसऱ्याला बाद करू नये.

थांबायचे कुठे

खालीलपैकी काहीही दिसले तर पुढची तपासणी स्वतः करत बसू नये, सिमेंट मूल्यमापनाच्या तज्ज्ञाला आणि विहिरीच्या सुरक्षिततेची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याला त्याच पाळीत कळवावे.

सिमेंटिंगनंतर ॲन्युलसवर (केसिंगबाहेरच्या पोकळीवर) दाब चढत असेल आणि सोडल्यावर पुन्हा चढत असेल, तर लॉग कितीही चांगला असो, विहीर जिवंत आहे, म्हणजे स्तरातून काहीतरी वर येत आहे, असे समजायचे. लॉग आणि दाबमापक यांत मतभेद झाला तर मी दाबमापकाचे ऐकतो.

वायूचा स्तर किंवा गोड्या पाण्याचा स्तर ज्या सिमेंटाने वेगळा ठेवायचा आहे, तिथे सलग चांगला भाग पुरेसा लांब मिळत नसेल तरीही थांबावे. बाँड इंडेक्स ०.८ चा सलग पट्टा ५ १/२ इंची केसिंगमध्ये सुमारे ५ फूट आणि ९ ५/८ इंचीत सुमारे १५ फूट असावा, असा प्रघात आहे. पण तो नेहमीच्या सिमेंटासाठी, आणि मध्यावर असलेल्या उपकरणासाठी आहे.

एकात एक दोन केसिंग असलेला भाग, केसिंग आणि खडक यांच्यामध्ये पाऊण इंचाहून पातळ सिमेंट, फेस घातलेले सिमेंट: या तिन्हींत नेहमीचे आकडे लागू पडत नाहीत, आणि त्यांचा अर्थ अशाच विहिरी वारंवार वाचणाऱ्यानेच लावावा.

शेवटी स्क्वीझ. परफोरेशनची गन म्हणजे स्फोटके आहेत आणि ते काम परवानाधारक चमूचेच आहे, याबद्दल दुमत नाही. माझा आग्रह त्याच्या आधीच्या पायरीचा आहे. तज्ज्ञाकडे फक्त ॲम्प्लिट्यूडचे चित्र पाठवू नये. मोकळ्या भागाचा आकडा, ट्रान्झिट टाइमची रेघ, पूर्ण व्हीडीएल, केसिंगआधीचा सॉनिक लॉग, सेंट्रलायझरांची संख्या व मोजलेले व्यास, सिमेंटची घनता, प्रत्येक फेरीच्या वेळचा तास आणि त्या क्षणी विहिरीत असलेला द्रव व दाब, हे सगळे एका पानावर लिहून द्यावे. हे पान भरताना एखादा रकाना रिकामा राहिला, तर आधी तो भरायला रिगवर परत जावे आणि गन तोवर पेटीतच राहू द्यावी.